दोन सारख्या, एक वेगळी

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांना साबणाचा फेस होता. मी शाळेत क्लार्क आहे. आमच्या शिपाई मावशींनी ऑफिसच्या बेसिनवर नवा साबण आणून ठेवला होता, बदामाचा. डबा खाऊन झाल्यावर दुसरं काही नव्हतं म्हणून मी तो हाताला लावला आणि लगेच पस्तावले. तो वास... नाक मुरडून मी नळाखाली हात धरले आणि बोटांच्या बेचक्या चोळत राहिले. टेबलावर फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी उचलला नाही, कारण त्या हातांनी फोन धरला असता तर दिवसभर फोनलाही तोच वास आला असता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ओढणीला हात पुसून घेतला. दादा म्हणाला, "नंदा, सुरेखा गेली." नाश्ता करून जरा पडते म्हणाली होती, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी सांगितलं. मी "आले" एवढंच म्हणाले. आणि मला रडू यायच्या आधी किळस आली, माझ्या हातांची. हे लिहायला लाज वाटते, पण गोडगोड लिहायचं असतं तर हा लेख मी लिहायलाच घेतला नसता.

सुरेखा म्हणजे माझी वहिनी. वय बासष्ट. गेल्याला आता सहा आठवडे झाले. तिला आयुष्यभर बदामाच्या वासाची नोकरी होती. आधी भोसरीला आणि कंपनी हलल्यावर चाकणला, इसेन्स बनवणाऱ्या एका कंपनीत तिनं चौतीस वर्षं काढली. भेटायला आलेल्या बायका मोशीच्या फ्लॅटमध्ये चटईवर बसून कुजबुजत होत्या, "केमिकलनंच खाल्लं गं तिला." मला त्या कुजबुजीचीही शिसारी आली. अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना काय झालं ते? आणि ज्या केमिकलला तुम्ही शिव्या देताय ते तुमच्या घराघरात आहे. बेंझाल्डिहाइड त्याचं नाव. नाव घेताना जीभ अडखळते, पण गाडीवरच्या पिवळ्या कुल्फीत ते असतं, बेकरीतल्या नानकटाईत असतं, लेकरांच्या खोकल्याच्या लाल औषधात चेरी म्हणून तेच येतं, साबणात, केसांच्या तेलात, काही उदबत्त्यांतही. पाण्यासारखं तेल, थेंबभर उघडं राहिलं तरी खोली भरते. जिथे बदामाचं टरफलही पडलेलं नसतं तिथे बदाम आहे म्हणून सांगायचं, हे त्याचं काम. मला त्याचा पहिल्यापासून तिटकारा. खोटारडा वास आहे तो, आणि डोकं दुखवतो ते वेगळंच.

ती लग्न होऊन आली तेव्हा आम्ही दापोडीला दोन खोल्यांत राहत होतो. आई, मी, दादा आणि ती. ती अंबाजोगाईकडची, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. आमच्या गल्लीत एवढी शिकलेली सून पहिलीच. दादा गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला होता. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी तिला भोसरीची ती नोकरी लागली आणि आमचं घर नासलं, माझ्या मते. संध्याकाळी ती दारात आली की तिच्याआधी वास आत यायचा. तिच्या केसांना, पदराला, डब्याच्या पिशवीला. तिनं थापलेल्या भाकरीलाही तो यायचा. ज्वारीची भाकरी आणि त्याला बदामाचा वास... एक दिवस मी ताट सारलं आणि आईसमोर, दादासमोर म्हणाले, "आधी आंघोळ करून ये, मग पिठाला हात लाव. ओकारी येते मला." दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून आली की चपला काढून थेट मोरीत जायची. थंडीत पाणी तापवत बसायला वेळ नसायचा, तर गार पाण्यानं. मग केस पंचात गुंडाळून पीठ मळायला बसायची. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, फार शहाणी होते. मला वाटायचं, हक्काचंच बोलले मी.

मी तिला एकदा विचारलं होतं की दिवसभर हे खोटं नाकात भरून घ्यायचं तुला बरं वाटतं का. ती हसली. म्हणाली, "नंदे, मी बदाम पहिल्यांदा खाल्ला तो नोकरी लागल्यावर. वास त्याच्या आधी घेतला होता. बदाम चावला आणि मनात म्हटलं, हे काय, याला तर वासच यायला नाही." मग तिनं मला समजावलं, की आपण खातो त्या गोड बदामाला असा वास नसतोच, तो असतो कडू बदामाला आणि जर्दाळूच्या बीला. "ज्याला बदाम मिळतो त्याला वासाचं काही नसतं गं. ज्याला मिळत नाही त्याला निदान वास तरी." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. गरिबाला वासावर भागवायला लावायचं यात कसला आलाय मोठेपणा?

पण नोकरीत ती चढत गेली. हाताखाली लागली होती बाटल्या धुवायला, म्हणजे कागदोपत्री लॅब असिस्टंट, आणि दहा-बारा वर्षांत कंपनीतला प्रत्येक माल तिच्या नाकाखालून जायला लागला. मशीन होतं त्यांच्याकडे, पण मशीन शुद्ध किती ते सांगतं, वास बिघडलाय का ते शेवटी नाकच सांगतं. मालाच्या कार्डावर शेवटची सही तिची. त्या सहीचा तिला जो अभिमान होता, तो मी दुसऱ्या कशाचाही तिला पाहिला नाही. सणाच्या आधी मिठाईवाल्यांच्या ऑर्डरी आल्या की ती घरी येऊन पदर कमरेला खोचून सांगायची, "मी पास म्हटल्याशिवाय यांच्या देवापुढे बदामी पेढा जात नाही." तिच्या आजीला गावात ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला शिवू द्यायचे नाहीत. ते ती उगाळत बसायची नाही. फक्त हे एक वाक्य वर्षातून दोन-तीनदा म्हणायची, आणि दादा तंबाखू मळता मळता गालात हसायचा.

दादा-वहिनी मोशीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर बाल्कनीच्या छताला आग्या मोहोळ लागलं होतं. सोसायटीची माणसं धूर करायला निघाली, कोणी पेटता टेंभा म्हणालं. वहिनीनं सगळ्यांना थांबवलं. दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीतून परवानगीनं एका छोट्या बाटलीत ते तेल आणलं, लांब काठीला जुनं फडकं बांधलं, त्यावर थोडं शिंपडलं आणि मोहोळाजवळ धरलं. आम्ही सगळे काचेआड. पाच-दहा मिनिटांत माशा सरकायला लागल्या, मग अख्खं मोहोळ सोडून गेल्या. एकही मेली नाही, कुणाला डसली नाही. माणसं टाळ्या वाजवायला लागली. ती काठी खाली घेऊन माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा वन्सं, जगात दोघींनाच हा वास सहन होत नाही. एक मधमाशी आणि एक तुम्ही." एरवी मी नंदा, चिडवायचं असलं की वन्सं आणि तुम्ही. सगळे हसले. मी तोंड वाकडं करून आत गेले आणि खिडक्या लावून घेतल्या.

मग तो आजार आला. दुसऱ्या लाटेत दादा आणि वहिनी दोघंही आजारी पडली, दोघंही घरीच बरी झाली. वास जातो आणि येतो असं सगळे सांगत होते. वहिनीचा गेला तो आलाच नाही. महिना झाला, तीन महिने झाले. तिनं कापूर घेतला, लसूण ठेचून घेतला, जळका दोरा नाकाशी धरला. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. निवृत्तीला तीन वर्षं होती. कंपनीत धाकटे शेठ नवीन आले होते, त्यांना तसंही जुनी माणसं नकोच होती. नाक गेलं हे कळलं असतं तर काढलं नसतं कदाचित, पण कुठेतरी खोक्यांच्या ढिगात बसवलं असतं. आणि ती सही गेली असती. तिला त्याची भीती होती, मरणापेक्षा जास्त. एका संध्याकाळी ती सांगवीला माझ्या घरी आली. मी एकटी राहते, माझा संसार झाला नाही, तो विषय वेगळा. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "तुझं नाक लागतंय मला," ती म्हणाली. "दुसरं कोण आहे?" खरंच कोणी नव्हतं. दादाचं नाक रंगाच्या वाफांनी कधीच कामातून गेलेलं, त्यांचा मुलगा हैदराबादला. मी म्हणाले, "अगं, मला त्या वासानं मळमळतं, तुला माहितीये." तर म्हणते, "म्हणूनच. ज्यांना आवडतो त्यांचं नाक चार पट्ट्या हुंगल्या की झोपतं. तुझं नाही झोपायचं."

माल तपासायची त्यांची एक पद्धत असते. तीन छोट्या तपकिरी बाटल्या, त्यांवर एक, दोन, तीन आकडे. दोन बाटल्यांत एकच तेल, तिसरीत वेगळं. म्हणजे एक जुना पास झालेला माल आणि एक आजचा. कागदाच्या तीन पांढऱ्या पट्ट्या असतात, बोटाएवढ्या लांब. एकेक बुडवायची, झटकायची, नाकाखालून फिरवायची. वेगळी कोणती ते ओळखता आलं, तर आजच्या मालात काहीतरी गडबड आहे, तो नापास. नाहीच ओळखता आलं, तिन्ही सारख्याच वाटल्या, तर पास. ज्यानं बाटल्यांवर आकडे टाकले त्यानं तिथे थांबायचं नाही, कारण समोरचा त्याच्या तोंडाकडे बघून ओळखतो. म्हणून ती बाटल्या मांडून चहा टाकायला आत जायची. मी एकेक पट्टी नाकाशी धरायचे. ती आतून विचारायची, "सगळ्यात जास्त किळस कशाची येते?" अशी तिची परीक्षा. वास कसा आहे हे मला सांगता यायचं नाही, त्याला शब्द लागतात, पण किळस मोजता यायची. "दोनची जास्त. त्याला मागे काहीतरी आंबूस आहे." ती बाहेर येऊन कपाखालून वेगळ्या बाटलीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी काढायची. दोन. बरोबर. दुसऱ्या दिवशी ती माल अडवायची आणि लॅबमधली माणसं म्हणायची, मॅडमचं नाक म्हणजे नाक.

असं दोन वर्षं चाललं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. चाकणहून येताना मोशी वाटेवरच लागते, तिचं घर समोर दिसायचं, पण ती कंपनीच्या बसमध्ये तशीच बसून राहायची, नाशिक फाट्याला उतरायची आणि तिथून रिक्षानं सांगवीला यायची. परत घरी पोचायला साडेआठ वाजायचे. मी काय करायचे? दार उघडतानाच कपाळाला आठ्या घालायचे. "आज पण?" म्हणायचे. पट्टी हातात घेताना दोन बोटांच्या चिमटीत अशी धरायचे, जणू मेलेली पाल धरलीय. उगाच जोरात खाकरायचे, तिला आत ऐकू जावं म्हणून. मी तिला मदत करत होते हे खरं, पण प्रत्येक वेळी तिच्याकडून त्याची किंमत वसूल करत होते. ती येताना कधी पेरू आणायची, कधी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून आणायची. मी चटणीच्या डब्याचाही वास घेऊन बघायचे तिच्यादेखत. इतकी हलकट होते मी.

तो गुरुवार होता. शाळेत दिवसभर मुलांची माहिती ऑनलाइन भरायचं काम होतं, चारदा भरली आणि चारदा उडाली. डोकं ठणकत होतं. घरी येऊन नुकतीच पडले होते तर बेल वाजली. ती. तिनं डबा उघडला, बाटल्या मांडल्या आणि म्हणाली, "आजचा महत्त्वाचाय. बदाम मिल्कवाल्यांची गाडी सकाळी लागणार आहे." आणि आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मी त्या तीन बाटल्यांकडे बघितलं. झाकण उघडायच्या आधीच माझ्या जिभेखाली पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. आणि मी झाकण उघडलंच नाही. एकही नाही. तिन्ही पट्ट्या तशाच कोऱ्या उचलून डब्यात ठेवल्या, बाटल्या आत घातल्या, डबा लावला. तिनं विचारलं, "काय?" मी म्हणाले, "तिन्ही सारख्या." ती म्हणाली, "बरं." आम्ही चहा प्यालो. ती गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी पंखा लावून गाढ झोपले.

तो माल बिघडलेला होता. एका ड्रमचं झाकण नीट बसलं नव्हतं. हवा लागली की हे तेल हळूहळू बदलतं, ड्रमच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात. कुणीतरी ते खडे पुसून टाकून तेच तेल वापरलं होतं. कुणाला काही अपाय झाला नाही, पण त्या गिऱ्हाइकाच्या बदाम मिल्कला आंबूस चव आली आणि सगळा माल परत आला. धाकट्या शेठनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं. लॅबची सगळी माणसं उभी केली. टेबलावर तीन पट्ट्या ठेवल्या आणि म्हणाले, "मॅडम, जरा ओळखा बरं वेगळी कोणती." ती खुर्चीत बसली. पट्ट्यांना तिनं हात लावला नाही. म्हणाली, "मला वास येत नाही. दोन वर्षं झाली." बस. एवढंच. मग तुम्ही सह्या कशा करत होता, या प्रश्नावर ती बोललीच नाही. माझं नाव तिनं घेतलं नाही, तिथेही नाही आणि घरीही नाही. दहा महिने राहिले होते, ते तिनं लेबलं चिकटवायच्या विभागात काढले. लॅबमध्ये ती मॅडम होती, लेबलवर ताई झाली. निवृत्तीच्या दिवशी तिला नारळ आणि शाल मिळाली आणि तिच्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं.

त्या प्रकारानंतर आठवडाभरानं मी तिला भेटले. खरं सांगायची ती वेळ होती. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "त्या दिवशी माझं नाक जरा चोंदलेलं असेल गं." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असेल. होतं असं." नंतर जवळजवळ अडीच वर्षं ती जिवंत होती. वाढदिवस झाले, भीमजयंत्या झाल्या, एकत्र जेवलो, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. स्वतःच्या तोंडाची घाण स्वतःला येत नाही म्हणतात, मला येत होती. तरी नाही फुटला.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये होता. वंदना झाली, भंतेजी चार शब्द बोलले, साधं आणि मोजकं. मग कंपनीची माणसं आली. धाकटे शेठ पांढऱ्याशुभ्र शर्टात, हात जोडून. माइक घेऊन म्हणाले, "मॅडम म्हणजे आमच्या कंपनीचं नाक होत्या." लोक माना डोलवत होते. ज्या माणसानं तिला दहा जणांसमोर पट्ट्या देऊन बसवलं, लेबलं चिकटवायला पाठवलं, तो गळा दाटून आल्यासारखं करत होता. आणि त्यांनी बरोबर काय आणलं होतं? बदाम मिल्क. गार बाटल्यांचे चार क्रेट, उन्हाचे दिवस आहेत, लोकांना बरं पडेल म्हणून. तिच्या फोटोसमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं उभी राहून ते पिवळं दूध प्यायला लागली, लेकरं दुसरी बाटली मागायला लागली, आणि हॉलभर तो वास. मी जिन्यात जाऊन बसले.

थोड्या वेळानं दादा माझ्यामागे आला. त्याच्या हातात एक न फोडलेली बाटली होती. तो शेजारच्या पायरीवर बसला, झाकण उघडलं आणि बाटली माझ्यासमोर धरली. "बघ गं," तो म्हणाला, "तिच्या हातचा आहे का हा वास? मला तर काही कळत नाही." सत्तरीला आलेला माझा भाऊ, आणि बायकोचा वास उरलाय का हे तो मला विचारत होता, कारण घरात नाक फक्त माझंच होतं. मी बाटली घेतली. नाकाला लावली. नीट, पूर्ण श्वास घेऊन. म्हणाले, "नाही दादा. हलका माल आहे." आणि मग माझ्यानं राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. बाटल्या उघडल्याच नव्हत्या ते सांगितलं. कोऱ्या पट्ट्या डब्यात ठेवल्या ते सांगितलं. नाक चोंदलं होतं हेही खोटं होतं. तिची सही माझ्यामुळे गेली.

दादा बाटलीचं झाकण बोटात फिरवत राहिला. मला वाटलं तो उठून जाईल. तो म्हणाला, "मला माहितीये." तो झाकणाकडे बघतच बोलत राहिला. "त्या दिवशी ती घरी आली, डबा उघडला. पट्ट्या कोरड्या होत्या. मला हात लावून बघायला लावलं तिनं. बाटल्यांची झाकणंही जशीच्या तशी गच्च. मी म्हटलं, अजून वेळ आहे, मी गाडी काढतो, सांगवीला जाऊन येऊ. तर म्हणाली, नको." मग तिच्या बोलण्यासारखंच बोलला, अगदी तिच्या सुरात. "अहो, तिला उलटी यायली त्या वासानं. तोंड बघवत नाही मला तिचं. दोन वर्षं घेतीय बिचारी. आज एक दिवस सुटली तर सुटू द्या." आणि सकाळी जाऊन तिनं सही केली. न बघता. त्या सहीसाठी ती मरणालाही भ्यायली नसती, आणि ती तिनं डोळे मिटून करून टाकली, कारण मला परत विचारायचं तिच्या जिवावर आलं. "तुला सांगू नको म्हणाली होती," दादा म्हणाला. "उगाच जिवाला लावून घेईल म्हणाली."

मला बरं वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर सांगते, नाही वाटलं. तिनं मला माफ केलं होतं म्हणे. "असेल, होतं असं," म्हणताना तिला सगळं माहीत होतं, आणि मी तिच्यासमोर बसून नाक चोंदल्याची बतावणी करत होते. त्या माफीनंही मला शिसारी आली. एखादी थोबाडीत मारली असती तर मी तिच्या गळ्यात पडून रडले तरी असते.

आता मी रोज शाळेतून येते आणि स्वयंपाकघरात गेले की आधी खिडकी उघडते. माझ्या स्वयंपाकघराला ती एकच खिडकी, नदीच्या बाजूची. ती उघडायची सवय वहिनीची. पट्ट्यांचं काम झालं की ती डबा लावायची, खिडकी सताड उघडायची आणि वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत उभी राहायची, वास बाहेर जावा म्हणून, माझ्यासाठी. नदीकडून जलपर्णीची कुजकी घाण आत यायची तीही तिला कळायची नाही. दिवसभर कंपनीत उभी राहिलेली बाई, पाय बदलत, हात बदलत वारा घालायची. तिला स्वतःला वास येत नव्हता, त्यामुळे मधूनमधून मलाच विचारावं लागायचं, "गेला का गं?" मी खुर्चीत बसून असायचे. म्हणायचे, "नाही अजून." ती परत घालायची. दहा मिनिटांनी पुन्हा, "आता गेला का?" "थोडा आहे."

वास तर केव्हाच गेलेला असायचा.